एक जूनचे श्रोते

पासवर्ड फुटला आणि मी बनवलेली माणसं सकाळी घरी आली. दार वृंदानं उघडलं. जिन्यात ती ओळीनं उभी होती आणि सगळ्यांच्या पायांत माझ्याच चपला होत्या.

मी वर्तमानपत्रात तंत्रज्ञानाचं पान सांभाळतो. कुठला स्मार्टफोन घ्यावा, कुठलं अ‍ॅप धोक्याचं, हे सांगलीकरांना मोठ्या शहाणपणानं सांगत असतो. गाणी विकणाऱ्या एका संकेतस्थळाच्या सुरक्षेला भगदाड पडलंय आणि तिथली खाती बाहेर पडलीत, ही बातमीही मीच दिली होती. ‘सगळीकडे एकच पासवर्ड ठेवू नका’ असं चौकटीत ठळक छापलं होतं. माझ्या सगळ्या माणसांना मात्र एकच पासवर्ड होता.

वृंदा माझी बायको. शाळेत गणित शिकवते आणि गाते. तिनं आपला अल्बम त्या संकेतस्थळावर विकायला ठेवला तेव्हा तिकडे कुणी फिरकलंच नाही. तिचा उतरलेला चेहरा बघवेना, म्हणून मी फोनवर एक खोटं खातं काढलं आणि तो विकत घेतला. ती इतकी खुलली की मी दुसरं खातं काढलं. मग मला थांबताच येईना. आता आपल्याला श्रोते आहेत असं तिला वाटत होतं, आणि आज दुपारी ती नोकरीचा राजीनामा द्यायला निघणार होती.

“माझा अल्बम घेतलेली मंडळी आहेत ही,” ती म्हणाली. “अरे शिरीष, बघतोस काय? सतरंजी घाल.”

मी सतरंजी घातली. माणसं आत येत गेली तशी सतरंजी लांबत गेली आणि तिच्यापाठोपाठ हॉलही लांबला. समोरची खिडकी टपालाच्या तिकिटाएवढी दिसू लागली. खात्यांना मी जे फोटो लावले होते तेच त्यांचे चेहरे होते. एकाच्या मानेवर गुलाब होता, एकीच्या मानेवर मावळता सूर्य. जिथं फोटो लावायचा मी कंटाळा केला होता, तिथं खांद्यांवर नुसता करडा गोळा होता. वृंदाला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिनं गुलाबाला पोहे दिले. त्यानं बशी मांडीवर ठेवली.

“तुम्हाला कुठला राग आवडला?” तिनं विचारलं.

“खूप छान. मन प्रसन्न झालं,” गुलाब म्हणाला.

“आणि तुम्हाला?”

“खूप छान. मन प्रसन्न झालं,” मावळता सूर्य म्हणाला.

हा अभिप्राय मी एकदाच लिहून सगळीकडे चिकटवला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वयंपाकघरात सटकावं म्हणून उठलो, पण चालेन तेवढं ते मागं सरकत होतं. मी परत येऊन बसलो.

“आज माझा वाढदिवस,” एक करडा गोळा म्हणाला.

“माझाही,” गुलाब म्हणाला. मग ओळीनं सगळेच तसं म्हणाले.

वृंदा ओवाळायला तबक घेऊन आली होती. ती मध्येच थबकली.

“आज एक जून,” ती हळू म्हणाली. “शाळेत घालायला आणलेल्या पोराची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसली, की मास्तर एक जून लावायचे. तुलाही तीच लावलीय.”

खातं काढताना बोटांना दुसरी तारीख सुचलीच नव्हती.

“ही सगळी तूच?”

“हो,” मी म्हणालो. लाजेनं मान वर होईना. “तू हिरमुसली होतीस गं.”

तिनं तबक खाली ठेवलं. “इतक्यांदा विकत घेतलास. एकदा तरी ऐकलास?”

ऐकला नव्हता. खरेदी झाली की लगेच मी पुढचं खातं काढायला घ्यायचो.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “एक जरी खरा श्रोता असेल तरी मी राजीनामा देते. आता ऐक.”

तिनं फोनवर तानपुरा लावला आणि माझ्यासमोर बसून डोळे मिटले. तिचे ओठ उघडले. गळ्याची शीर तटतटली, हात वर गेला, वळला, खाली आला. मला काहीच ऐकू आलं नाही. तानपुराही नाही. गुलाब डोलू लागला, सूर्य डोलू लागला, करडे गोळे डोलू लागले. मीही मान डोलावली आणि “वा!” म्हणालो.

वृंदाचे ओठ मिटले. ती डोळे उघडून माझ्याकडे बघत होती. दम घेतेय की गाणं संपलंय, मला कळेना. म्हणून मी आणखी एकदा “वा!” म्हणालो.