गतिनाथ महाराजांचा नारळ

दैवशालाचं पत्र रामकिसन सरांच्या टेबलाच्या खणात दोन महिने पडून होतं. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता घनसावंगीला सासरी. "सर, आमचे मालक जीप चालवितात. गतिनाथ महाराजांचा नारळ घेतल्यापासून शंभरनं पळवितात. म्हणतात, पुढं वेग मोजणारा कॅमेरा असला की नारळ थरथरतो, गप्प असला की रस्ता मोकळा. नारळात खरंच काही असतं का? तुमचं ऐकतील ते. दोन ओळी लिहा."

सरांनी त्या दोन ओळी चारदा लिहिल्या, चारदा फाडल्या. आपण नारळ उघडून पाहिलेला नाही, मग ठासून कसं सांगावं? पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलेला हा माणूस वर्गाबाहेर तोंड उघडायला घाबरायचा.

पत्र आल्यापासून बाविसाव्या दिवशी दैवशालाचा नवरा, कल्याण, भर रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला आणि जागीच गेला. काचेजवळचा नारळ शेवटपर्यंत गप्पच होता.

त्यावर महाराज म्हणाले, "घरातल्या बाईनं शंका घेतली. शंकेनं नारळ आंधळा झाला." झालं! सासरचे दैवशालाला नवरा खाल्लेली म्हणू लागले, दहाव्याला तिला पुढं बसू दिलं नाही. हे ऐकलं आणि सरांना आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी वाईट करावंसं वाटलं. मनापासून वाटलं.

गुडघ्याच्या औषधाचं निमित्त सांगून ते आठ दिवस भागवत नावाच्या ड्रायव्हरच्या काळीपिवळी जीपमधून वडीगोद्री ते घनसावंगी हिंडले. पुढच्या सीटवर, मांडीवर वही. भागवतकडंही नारळ होता. सर काय लिहितात ते त्याला कळेना. "सर, कविता करून राह्यले का?" तो चिडवायचा.

मंगळवारी वडीगोद्रीत महामार्गालगतच्या मैदानात जत्रा भरावी तशा जीपा लागल्या होत्या. लाल फडक्यातले नारळ घेऊन ड्रायव्हर रांगेत उभे. महाराज ओट्यावरून गर्जत होते, "वर सत्तावीस नक्षत्रं, खाली सरकारचा एक डोळा! नक्षत्र नारळाच्या कानात सांगतं, नारळ तुम्हाला सांगतो. दर मंगळवारी आणा, शक्ती भरून न्या. फोडाल तर गाडी फुटंल!"

"महाराज," सर उठले. आवाज चिरकला. "एक प्रयोग करू का?"

"मास्तर, परीक्षा नापास पोरांची घ्या. देवाची न्हाई."

लोक हसले. सरांचे कान तापले. पण ते बसले नाहीत. त्यांनी पिशवीतून पोळ्यांचा स्टीलचा डबा काढला, भागवतचा नारळ त्यात ठेवून झाकण गच्च लावलं. "भागवत, पलीकडच्या कॅमेऱ्याखालून जाऊन ये. चारपाच जणांना संगं घे."

जीप गेली. परत आली तेव्हा भागवतचा चेहरा उतरला होता. "आवाज न्हाई, सर. डब्यात थरथरला असता तर खडखड झाली असती की! बिलकुल गप्प."

सरांनी वहीत टिपलेल्या जागा पाहिल्या. "आता उघडा ने. आधी दहा मिनिटं मोकळ्या आभाळाखाली ठेव, मग जा. अन् ओढ्याच्या पुलापर्यंत जा."

दुसऱ्या फेरीनंतर भागवत धावतच आला. "कॅमेऱ्यापाशी थरथरला, बराबर! पण पुलापाशीबी थरथरला! तिथला कॅमेऱ्याचा खांब तर दिवाळीलाच काढून नेलाय."

"काय हो महाराज," गर्दीतून गावातली झुंबरबाई ओरडली, "तुमचं नक्षत्र पोळ्याच्या डब्याला भ्यालं व्हय? अन् गेलेल्या खांबाचंबी श्राद्ध घालतंय?"

महाराज ओट्यावरून उतरू लागले. भागवतनं वाट अडवली. सरांनी नारळ दगडावर ठेवला.

"सर, नका! गाडी फुटते."

"फुटली तर मी भरून देतो," सर म्हणाले आणि पिशवीतून हातोडी काढून घातली.

करवंटीचे दोन तुकडे झाले. ते गोंदानं चिकटवलेले होते. आत चपटी बॅटरी, सर्किटची हिरवी पट्टी आणि मोबाईल थरथरवणारी असते तसली इवली मोटार. शेंडीखाली चार्जरचं भोक.

"ही तुमची मंगळवारची शक्ती." सरांचा आवाज आता वर्गातला झाला होता. "वरून काहीतरी येतं, एवढंच महाराज खरं बोलले. माणसांनी सोडलेले उपग्रह आहेत वर. प्रत्येक जण आपली वेळ पाठवतो. ती पोचायला किती उशीर झाला त्यावरून हे यंत्र अंतर काढतं. चार उपग्रहांची अंतरं मिळाली की आपण कुठं आहोत ते त्याला कळतं. पोलादाच्या डब्यात ते संदेश शिरत नाहीत, म्हणून तिथं देव झोपला; बाहेर काढल्यावर उपग्रह पुन्हा सापडायला थोडा वेळ लागतो. यंत्रात कॅमेऱ्यांच्या जागांची यादी भरलेली असते. जागा जवळ आली की थरथर. खांब उभा आहे की काढलाय, त्याला दिसत नाही. उलट खांबावरचा कॅमेरा खरोखर मोजतो. गाडीवर लहरी सोडतो, आपटून परत आलेल्या लहरींत जो फरक पडतो त्यावरून वेग काढतो, अन् नंबर प्लेटचा फोटो घेतो."

ते थांबले. धाप लागली होती. "कल्याणच्या जीपपुढं उसाची ट्रॉली होती. ट्रॉली यादीत नसते. म्हणून नारळ गप्प राहिला. बाईच्या शंकेनं नाही." मग महाराजांकडं वळून म्हणाले, "हे आता तुम्ही म्हणा. नाव घेऊन."

"मास्तर, मिटवून टाकू..."

"म्हणा!"

भागवतनं मोबाईल समोर धरला. महाराजांच्या कपाळावरचा अष्टगंध घामानं नाकापर्यंत ओघळला होता. ते पुटपुटले, "दैवशालाबाईचा काही दोष न्हाई." सरांनी ते तीनदा म्हणायला लावलं, दर वेळी आधीपेक्षा मोठ्यानं. तिसऱ्यांदा गरज नव्हती. पण सरांना ते पुन्हा ऐकायचं होतं. मग त्यांनी स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार लिहून दिली. अक्षर एकदाही थरथरलं नाही.

निघताना ड्रायव्हर भोवती जमले. सर एवढंच म्हणाले, "बाबांनो, यंत्र वाईट नाही. पण ते पूजेला ठेवू नका, समजून घ्या. गाडीत वेगाचा काटा आहे, कपाळाखाली दोन डोळे आहेत. कुणी 'विचारू नका' म्हणालं की तिथंच पहिला प्रश्न विचारा. अन् तुम्हाला कुणी विचारलं, तर गप्प बसू नका."

घरी येऊन त्यांनी खण उघडला. या वेळी एकही कागद फाडला नाही.

"चि. दैवशालास आशीर्वाद. तू विचारलं होतंस, नारळात खरंच काही असतं का. असते, बॅटरी असते. तुझी शंका बरोबर होती. तुझा काही दोष नाही, हे महाराजांनी सगळ्यांसमोर कबूल केलंय. भागवत येत्या रविवारी तुझ्या सासरी येऊन सगळ्यांना व्हिडिओ दाखवील. तू बाहेर येऊन पुढं बस. हे उत्तर मी दोन महिन्यांपूर्वी द्यायला हवं होतं. दोष महाराजांचा आणि गप्प बसलेल्या माझा आहे. तुझा नाही."

पाकिटावर पत्ता लिहून ते पोस्टाच्या पेटीपर्यंत चालत गेले आणि त्यांनी पत्र आत सोडलं.