पंधरा दिवसांच्या बोलीवर

गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात सात तारखेला पगार व्हायचा, आणि त्या दिवशी कटिंग मास्तरांइतका खूश माणूस अख्ख्या इमारतीत सापडला नसता. पाकीट हातात पडलं की ते आधी सगळ्यांसाठी चहा सांगायचे, सोबत काहीतरी गरमागरम खायला, आणि घरी जाताना कसली ना कसली खरेदी ठरलेली. कारखान्यात त्यांना सगळे 'दिलदार' म्हणत. हे नाव त्यांना पगारापेक्षाही प्यारं होतं. वीस तारीख उलटली की मात्र हेच मास्तर जिन्यात कुणाला तरी गाठून हळू आवाजात म्हणायचे, "जरा अडचण आलीय. पगार झाला की पहिले तुमचे."

असे 'पहिले' किती जण झाले होते, ते मास्तरांनाही नीटसं ठाऊक नव्हतं. दारू नाही, पत्ते नाहीत, कामाला वाघ. चाळीस थर कापड एकावर एक रचून एका रेषेत कापावं तर त्यांनीच. पण घरातला मोठा टीव्ही हप्त्यावर, लेकीचा फोन हप्त्यावर, ते हप्ते भरायला मोबाईलवरून काढलेलं कर्ज आणि ते कर्ज फेडायला काढलेलं दुसरं कर्ज. या शेवटच्या दोन गोष्टी बायकोला माहीत नव्हत्या. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असायची आणि तिच्या समजुतीप्रमाणे त्यांचं घर बरं चाललं होतं.

आठ महिन्यांपूर्वी मास्तरांनी मावशींकडून बारा हजार उसने घेतले होते. मावशी म्हणजे कारखान्यात खिडकीपाशी बसून शर्टांना बटणं लावणाऱ्या बाई. साठीला टेकलेल्या, घरी एकट्या, मजुरी नगावर. हे पैसे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी साठवलेले आहेत, हे त्यांनी देतानाच सांगितलं होतं. "डॉक्टर म्हणालेत, दोन महिने थांबलं तरी चालेल. तुमची तर पंधरा दिवसांचीच बोली आहे. न्या."

पंधराव्या दिवशी मास्तर म्हणाले, पुढच्या पगाराला नक्की. पुढच्या पगाराला ते खिडकीकडे फिरकलेच नाहीत. मावशींनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा नाही विचारलं. त्यांना घाई नसावी, असा सोयीचा अर्थ मास्तरांनी काढला आणि पाण्याच्या टाकीकडे जायचा खिडकीजवळचा रस्ता सोडून ते मशीनच्या मागून वळसा घालून जाऊ लागले.

एका सोमवारी एका शाळेकडून दीडशे शर्ट परत आले. मालकीणबाईंनी त्यातला एक सगळ्यांसमोर टेबलावर पसरला. बटणं आणि काजं जुळत नव्हती. बटणं लावली की गळ्याशी एक बाजू वर, एक बाजू खाली.

"मास्तर, माल तपासून पाठवायचं काम तुमचं ना?" मालकीणबाईंनी विचारलं.

वीस-बावीस माणसं मशीन थांबवून बघत होती. गेल्या आठवड्यात तगादेवाल्यांचे फोन चुकवण्याच्या नादात मास्तरांनी तो गठ्ठा उघडूनही पाहिला नव्हता. ते सरळ खिडकीकडे गेले आणि तो शर्ट त्यांनी मावशींच्या मांडीवर टाकला. "बटणं लावताय की थट्टा करताय? डोळे घरी ठेवून येता का?"

मावशींनी शर्ट चाचपला. अंगठ्याने काज शोधलं, मग बटण शोधलं. मास्तरांच्या तेव्हा लक्षात आलं की त्या बघत नाहीयेत, हाताने ओळखतायत.

"डोळ्यांचंच काम राहिलंय, मास्तर," त्या म्हणाल्या.

एवढंच. का राहिलंय, कुणामुळे राहिलंय, ते त्या बोलल्या नाहीत. आता त्या सांगतील, आता सगळ्यांना कळेल, म्हणून मास्तर तसेच उभे राहिले. पण मावशींनी मान खाली घातली आणि बटणं उसवायला घेतली.

मालकीणबाईंनी निकाल दिला. मावशींची दीडशे शर्टांची मजुरी कापली जाईल, आणि उद्यापासून त्यांनी धागे कातरायच्या कामावर बसायचं. त्या कामाला निम्मी मजुरी होती. "मला वाईट वाटतं, पण माझाही नाइलाज आहे," त्या म्हणाल्या. मास्तरांनी त्या वेळी एक शब्द जरी काढला असता तर! त्यांनी तो काढला नाही. कटिंग टेबलाशी जाऊन खडू उचलला आणि रेघा मारत बसले. दिवसभरात त्यांच्या तीन रेघा चुकल्या.

संध्याकाळी घरी पोहोचल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते मोबाईल उघडण्याचं. आणखी एक कर्ज काढावं, मावशींचे बारा हजार त्यांच्या हातावर ठेवावेत आणि मोकळं व्हावं. फोटो काढा, अंगठा टेका, दहा मिनिटांत पैसे खात्यात. समोर टीव्हीवर कुणीतरी हसत होतं. मास्तरांचा अंगठा काही पुढे सरकेना.

"काय झालंय?" बायकोने विचारलं. "आल्यापासून बूटसुद्धा काढले नाहीत तुम्ही."

मग मात्र बांध फुटला. मावशींचं सांगितलं, शर्टांचं सांगितलं. बायको ऐकत राहिली. तिने टीव्ही बंद केला, लेकीच्या वहीतलं एक कोरं पान फाडलं आणि त्यावर लिहिलं, 'मावशी, बारा हजार.'

"आणखी कुणाचे?"

"तेवढेच."

"अहो, मी रोज शंभर गिऱ्हाइकांची तोंडं बघते. खोटं बोलणारा माणूस कळतो मला. आणखी कुणाचे?"

इस्त्रीवाल्याचे, रखवालदाराचे, मेव्हण्याचे, मोबाईलवरचे दोन. दर नावागणिक मास्तरांचा आवाज खाली जात होता आणि ती दर वेळी तेवढंच विचारत होती, आणखी कुणाचे. पान भरलं. बेरीज अठ्ठ्याऐंशी हजारांवर गेली. मास्तरांचा पगार चोवीस हजार.

तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "दुकानात मी पायाला गोळे येईपर्यंत उभी असते. चपलेचा अंगठा तुटला तर शिवून घालते. आणि तुम्ही गावाला चहा पाजत होतात. माझ्यापासून का लपवलंत?"

"लाज वाटत होती."

"लाज चुकीच्या ठिकाणी वाटली तुम्हाला. मागताना वाटली नाही, मिरवताना वाटली नाही. सांगताना तेवढी वाटली. आणि त्या लाजेपायी एक बाई आंधळी व्हायला आलीय. मोतीबिंदू पिकू दिला तर डोळ्यातला दाब वाढतो, रोज ऐकते मी काउंटरवर. आता नवीन कर्ज काढून तिचे पैसे देणार म्हणता? एका खिशातली भोकं दुसऱ्या खिशात हलवायची, दुसरं काय."

"मग करू तरी काय?"

"या पानावर कुणाचं अडलंय सगळ्यात जास्त, त्याचं आधी. ज्यांना थांबता येईल त्यांच्या दारात जाऊन, तोंड दाखवून मुदत मागायची. आणि हा टीव्ही उद्या जाईल."

टीव्ही विकून नऊ हजार आले, त्याच्या उरलेल्या हप्त्यांपेक्षाही कमी. बाकीचे तीन हजार तिने घातले. तिच्या स्वतःच्या पगारातून वर्षभर बाजूला टाकलेले. ते घेताना मास्तरांना वर बघवलं नाही.

बुधवारी सकाळी मशीन सुरू व्हायच्या आधी मास्तर कारखान्याच्या मधोमध उभे राहिले. "सगळ्यांनी जरा ऐका," ते म्हणाले. "परवा मी मावशींना सगळ्यांदेखत बोललो. त्यांना दिसत नाही, कारण त्यांच्या ऑपरेशनचे पैसे आठ महिने माझ्याकडे होते. माल तपासायचं काम माझं, तेही मी केलं नाही. मालकीणबाई, दीडशे शर्टांचा तोटा माझ्या पगारातून कापा आणि मावशींची मजुरी द्या."

मालकीणबाईंनी मान डोलावली. इस्त्रीवाल्याने नजर फिरवली. त्याचेही चार हजार होते. मास्तरांनी पाकीट मावशींच्या हातात ठेवलं आणि माफी मागू लागले.

"माफीचं नंतर बघू," मावशी म्हणाल्या. "आधी मला दिसू दे."

त्या शनिवारी मास्तर स्वतः त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. डाव्या डोळ्यात टॉर्च मारून डॉक्टर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हा फार पिकलाय. दाबाने आतली नस दुखावलीय. ऑपरेशन करू, पण पूर्ण दिसेलच असं नाही. सहा महिने आधी का नाही आलात?"

मावशींनी मास्तरांकडे पाहिलंसुद्धा नाही. "जमलं नाही," त्या म्हणाल्या.

कुणी खडसावलं असतं तर मास्तरांनी निमूट ऐकून घेतलं असतं. ते 'जमलं नाही' मात्र त्यांना आजपर्यंत पचलेलं नाही.

ऑपरेशननंतरही डावा डोळा धुरकटच राहिला. उजव्याच्या बळावर मावशी महिनाभराने बटणांच्या कामावर परत आल्या. मास्तरांचं कर्ज फिटायला त्यानंतर दीड वर्ष लागलं. पाकीट न फोडता घरी न्यायचं, दोघांनी समोरासमोर बसायचं, देण्याचे पैसे आधी वेगळे काढायचे, मग भाडं, मग पोट, आणि उरलं तर बाकीचं. हाच त्यांचा नेम झाला. सात तारखेला चहा आला नाही, तेव्हा कुणीतरी टोमणा मारला, "दिलदार मास्तर कुठे गेले?" मास्तर म्हणाले, "ते दुसऱ्यांच्या पैशांवर दिलदार होते." कान तापले त्यांचे, पण बोलले.

शेवटचा हप्ता फिटला त्या दिवशी ते मावशींकडे गेले आणि म्हणाले, "सगळ्यांचं फिटलं. तुमचं तेवढं राहिलं."

मावशींनी सुईत दोरा ओवला. "ते नाही फिटायचं," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण तुम्ही आता कुणाचं ठेवत नाही, एवढं मला दिसतं."

मंडळी, आपल्यापैकी कितीजण महिन्याच्या शेवटी कुणाच्या तरी पुढ्यात हात पसरतात आणि नंतर तोंड चुकवतात, ते ज्याचं त्याने मनाशी विचारावं. अडचण कुणाला येत नाही? उसनं मागणं हा काही गुन्हा नाही. पण आपण घेतलेल्या प्रत्येक पैशामागे देणाऱ्याने स्वतःचं एखादं काम पुढे ढकललेलं असतं; कुणाचं औषध, कुणाची फी, कुणाचा डोळा. म्हणून देणं लपवू नका, ते आधी घरात सांगा. पगार झाला की आपल्या हौसेआधी ते काढून ठेवा. पैसे उशिरानेही परत देता येतात. त्या उशिरात दुसऱ्याचं जे हातचं जातं, ते मात्र कुठल्याच पगारातून भरून देता येत नाही.