रुकडीच्या पुलावरचे आचके

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. डबा म्हटल्यावर लगेच माझं झाकण उघडायला धावू नका. माझ्यात लाडू नाहीत आणि चिवडाही नाही. माझ्या पोटात एका बंद पडलेल्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मर आहे, थोड्या वायरी आहेत आणि वर एक गोल बटण आहे. ते बटण फिरवलं की माझ्यातून वीज निघते, रुळांतून धावते आणि तळहातावर मावेल एवढं काळं इंजीन आपले डबे ओढत चालू लागतं. बटण थोडं फिरवलं तर गाडी सावकाश जाते, जास्त फिरवलं तर सुसाट सुटते. कोल्हापुरात एका घराच्या गच्चीवर पत्र्याची खोली आहे. तिथे गेली कित्येक वर्षं ही छोटी आगगाडी मी चालवतो. बघायला येणारे कौतुक मात्र इंजिनाचं करून जातात. असो, सवय झाली आहे.

माझा जन्म उद्यमनगरातला. पिराजी नावाच्या लेथवाल्यानं स्वतःच्या कारखान्यात पत्रा वाकवून माझं अंग घडवलं. त्याच्या मित्रानं, अमरसिंहानं, आतल्या वायरी जोडल्या. तो बिद्रीच्या साखर कारखान्यात वायरमन होता, त्यामुळे एवढ्याशा डब्यातही त्यानं असं काम केलं की त्यावर उसाचा चरक चालावा. आणि निसारनं मला रंगवलं. निसार म्हणजे गावातला नावाजलेला बोर्डपेंटर. निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या. त्यानं माझ्या एका कुशीवर ‘कोल्हापूर’ आणि दुसऱ्या कुशीवर ‘मिरज’ असं लिहिलं. ब्रश अंगावरून फिरताना गुदगुल्या झाल्या, पण रेघ इकडची तिकडं झाली नाही. तिघंही तेव्हा नोकरीधंद्यातले गडी होते. आता तिघांचीही नातवंडं कॉलेजात आहेत.

एक गोष्ट सांगायला हवी. मला डोळे नाहीत. माझी गाडी मी आजवर पाहिलेली नाही. मला ऐकू येतं आणि माझ्या बटणावर कुणाचा हात आहे ते कळतं, तेवढंच. त्यामुळे मला सारख्या शंका पडतात. मिरज म्हणजे काय असेल? ती फार लांब असते का? ज्या प्लायवूडवर हे सगळे रूळ ठोकले आहेत, मिरज म्हणजे त्याचाच दुसरा कोपरा, हे मला फार उशिरा समजलं. वाटेतल्या वळिवडे आणि रुकडी स्टेशनांच्या मधला ऊस हिरव्या रंगात बुडवलेल्या केरसुणीच्या काड्यांचा आहे, हेही पिराजीची बायको झुंबरबाई एकदा केरसुणी शोधत वर आली तेव्हा कळलं. त्या दिवशी तिघांनीही पुष्कळ ऐकून घेतलं.

दर रविवारी सकाळी तिघं पिराजीच्या या गच्चीवर जमतात. भडंग येतं, चहा येतो आणि मग ‘गोळा’ निघतो. पूर्वी एकाच रुळावरून दोन्हीकडच्या गाड्या जायच्या, तेव्हा स्टेशनमास्तर ड्रायव्हरला एक लोखंडी गोळा द्यायचा. गोळा हातात असेल त्याचीच गाडी पुढं जाणार, दुसऱ्यानं थांबायचं. आमच्या खोलीतही तोच कायदा. पिराजीनं लेथवर लिंबाएवढा गोळा करून आणला आहे. तो ज्याच्याकडं, त्याचाच हात माझ्या बटणाला लागणार. बाकीच्यांनी गप्प बसायचं. पण गप्प बसणं हे कायद्यात असलं तरी त्यांच्या स्वभावात नाही.

“रुकडीच्या पुलावर गेल्यावर शिट्टी व्हायची,” पिराजी सांगायचा. “मी खाली नदीत पोहत असायचो. डोक्यावर वाजायची.”

“पुलाच्या आधी वाजायची,” निसार म्हणायचा. “माझी आत्या अमीरबी रुकडीत हुती. शिट्टी आली की भात टाकायची. मी स्टेशनावनं घरात पोचूस्तवर भात तयार. पुलावर वाजली असती तर मला कच्चा भात खावा लागला असता.”

“आत्याचा भात पुरावा व्हय तुझा?”

“मग तुझं पोहणं पुरावा हाय का? कानात पाणी गेल्यालं तुझ्या.”

हे भांडण मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे. शिट्टी कुठं वाजायची हे मला अजून कळलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर कळावं असंही वाटत नाही. कळलं तर रविवारी बोलायचं काय?

हात मात्र मला तिघांचे पाठ आहेत. अमरसिंहाचा हात घाईचा. तो बटण असं फिरवतो की मिरज गाठायच्या आत वाटेतल्या जयसिंगपुरातले प्रवासी राहून जावेत. पिराजीचा हात जड, पण सरळ. आणि निसारचा हात सगळ्यांत हळुवार. पुलावरून गाडी सावकाश न्यायची हा रेल्वेचा नियम. तो तिघांत पाळायचा फक्त निसारच. पूल आला की तो मला इतकं हलकं धरायचा की नेमकी लागेल तेवढीच वीज माझ्यातून झिरपायची. त्या वेळी मला स्वतःचा अभिमान वाटायचा.

मागच्या दिवाळीनंतर काहीतरी बिघडलं. निसारची पाळी आली आणि पुलावर गाडीनं आचके दिले. जायची, थांबायची, पुन्हा उडी घेतल्यासारखी सुटायची. पुढच्या रविवारी तसंच झालं. त्याच्या पुढच्या रविवारी एक डबा रुळावरून खाली आला.

आता तुम्ही म्हणाल, शहाण्या माणसांनी आधी चालवणाऱ्याकडं पाहिलं असतं. पण रेल्वेचा छंद असलेली माणसं माणसाकडं सगळ्यांत शेवटी बघतात. त्यांनी रूळ स्पिरिटनं पुसले. इंजिनाची चाकं काढून धुतली. पुलाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला. आणि काहीच लागू पडेना तेव्हा पिराजी खुशीत म्हणाला, “आरं, कोळशाचं इंजीन पुलाच्या चढाला असंच आचके द्यायचं. आपली गाडी खऱ्यासारखी चालायलीय.”

झालं. दोन रविवार ते त्या आचक्यांचं कौतुक करत होते. निसारही “व्हय, व्हय, असंच व्हायचं” म्हणाला. पण त्याचा आवाज मला नेहमीसारखा वाटला नाही.

मला मोठं कुतूहल वाटू लागलं. माझ्या आतलं सगळं ठीक होतं, हे मला ठाऊक होतं. आपलं दुखणं आपल्याला कळतंच. मग वीज अशी तुटक का निघते? पुढच्या वेळी मी नीट लक्ष दिलं आणि मला उमजलं. बटणावरचा निसारचा हात थरथरत होता. भरधाव चालवताना ते जाणवत नव्हतं, पण पुलावर, जिथं केसाएवढं इकडतिकडं चालत नाही, तिथं तेच थरथरणं रुळात उतरत होतं. तो दुसऱ्या हातानं मनगट धरायचा, तेही मला बटणातून जाणवायचं. मी काय करणार? मला सांगता येत नाही. आणि सांगता आलं असतं तरी ते माझ्या तोंडून निघालं नसतं.

अखेर अमरसिंहानं मला उघडलं. सगळ्या वायरी तपासल्या, आत वायरींचे सांधे साफ करायचं औषध फवारलं, बटण पन्नासदा फिरवलं. “कमी विजेवर ह्यो डबा अडकतोय,” त्यानं निकाल दिला. “वय झालं. आता नवीन निघालंय. मोबाईलवर बोट फिरवायचं, गाडी चालती. मी मागवतो. ह्याला टाका भंगारात.”

भंगार हा शब्द मी याआधीही ऐकला होता, पण दुसऱ्यांच्या बाबतीत. मला वाईट वाटलं. पण त्याहून वाईट पुढं घडलं. त्या दिवशी निसारच्या हाती गोळा आला आणि त्यानं तो परत केला.

“तुम्हीच चालवा आता,” तो म्हणाला. “मोबाईलवर बोट फिरवायचं मला जमायचं न्हाय. मी बघत बसतो.”

“बघत बसायला सिनेमा हाय व्हय?” पिराजीनं चेष्टा केली.  पुढच्या रविवारी निसार आलाच नाही. त्याच्याही पुढच्या रविवारी नाही. त्या काळात गाडी चालली, पण पुलावरून हळू कुणी नेली नाही. एक माणूस इथून कायमचा उठून जाणार, ही भीती मला भंगारापेक्षा मोठी वाटू लागली.

त्या दुसऱ्या रविवारी अमरसिंह लवकर घरी गेला. झुंबरबाई कपबशा न्यायला वर आली तेव्हा पिराजी मला पुन्हा उघडून बसला होता.

“डबडं किती उघडून बघशीला?” ती म्हणाली. “जरा माणूस बघा की.”

“कुठला माणूस?”

“निसारभावजी. त्यांच्या हाताला कापरं भरतंय. बशी वाजायची चहा पिताना. दिवाळीपासनं मी त्यास्नी पेल्यात अर्धाच चहा देतीया, सांडू नये म्हणून. तुम्हा दोघांच्या ध्यानात तरी आलं का?”

तेव्हा मला आठवलं, बशीची किणकिण खरंच कधीची बंद झाली होती. मी कान असून ऐकलं नव्हतं आणि हे दोघं डोळे असून बसले होते.  पिराजीनं माझं झाकण लावलं आणि आपला जड हात माझ्यावर ठेवून गाडी पुलावरून नेली. अगदी सावकाश, निसार न्यायचा तशी. एकही आचका बसला नाही.

“तुझा काय बी दोष न्हाय लेका,” तो मला म्हणाला.  इतक्या वर्षांत तो माझ्याशी पहिल्यांदाच बोलला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला पिशवीत घालून उद्यमनगरात नेलं. कारखाना आता त्याचा मुलगा विश्वजित चालवतो. पिराजीनं त्याला बाजूला सारलं आणि स्वतः लेथवर उभा राहिला. पितळेचा कीस अंगावर उडताना मला माझ्या जन्माचा दिवस आठवला. त्यानं माझं गोल बटण काढलं आणि तिथं चांगला वीतभर लांबीचा आडवा दांडा बसवला. टोकाला लाकडी मूठ होती. खऱ्या इंजिनात वाफ सोडायला असतो ना, तसा. माझ्या आसाला त्यानं घट्ट ग्रीस भरलं. विश्वजितनं विचारलं, एवढ्याशा डब्याला एवढा दांडा कशाला? पिराजी म्हणाला, “तुझं तू काम कर.”

कशाला, ते मलाही आधी कळलं नाही. मग त्यानं मूठ धरून मुद्दाम हात हलवून पाहिला, तेव्हा कळलं. गोल बटणावर बोट जरा हललं की ते सगळं माझ्या पोटात यायचं. लांब दांड्याच्या टोकाला हात बोटभर हलला तरी आसापर्यंत येईतो त्यातलं अगदी थोडंसं उरतं, आणि तेवढं ग्रीस गिळून टाकतं.

रविवारी पिराजी निसारला स्कूटरवर बसवून घेऊन आला. जिना चढताना निसारची कुरकूर ऐकू येत होती. अमरसिंह आधीच येऊन बसला होता.

“ह्यो काय दांडा?” निसारनं विचारलं.

“डबा म्हातारा झालाय,” पिराजी म्हणाला. “बारीक बटण त्याला सोसंना. म्हणून दांडा केला.”

“कुणासाठी केलास?”

“डब्यासाठी, म्हटलं की. धर गोळा. तुझी पाळी हाय.”

 मग माझ्या मुठीवर तो हात आला. थरथरत आला, थरथरतच राहिला. गाडी कोल्हापुरातून निघाली, वळिवडे मागं पडलं, पूल आला. निसारनं श्वास रोखला. मीही माझ्यापरीनं रोखला. वरती मूठ हलत होती आणि माझ्या पोटातून वीज मात्र एकसारखी झिरपत होती. चाकांचा आवाज पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठंही तुटला नाही.  

आधी बोलला तो अमरसिंह. “बघितलासा? मी म्हणतच हुतो. बिघाड डब्यातच हुता.”

“व्हय,” पिराजी म्हणाला. “डब्यातच हुता.”

निसारनं मूठ सोडली नाही. त्यानं दुसरा हात माझ्या पत्र्यावर ठेवला आणि तो बराच वेळ तिथंच राहिला. त्याला सगळं समजलं होतं, हे मला त्या हातानं सांगितलं. मग तो घसा खाकरून म्हणाला, “पुलाच्या आधी शिट्टी वाजायला पायजे हुती.” आणि भांडण पुन्हा सुरू झालं.

मोबाईलवरचं ते नवीन यंत्र आलं. ते खोक्यातच आहे. मला कुणी भंगारात टाकलं नाही.

तर मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेलपाणी करा, त्यांची धूळ पुसा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मीही सांगतो. पण माझी विनंती थोडी निराळी आहे. अमरसिंह आजही आल्यागेल्याला माझ्या पत्र्यावर बोट वाजवून सांगतो, की हा डबा म्हातारा झालाय, थरथरतो, म्हणून त्याला एवढा मोठा दांडा लावलाय. पाहुणे माझी कीव करतात. निसार तिथंच बसलेला असतो, निवांत, आपल्या पाळीची वाट बघत. मी धडधाकट आहे, पण ते तुम्हालाच सांगितलं. कधी त्या गच्चीवर आलात आणि अमरसिंह तसं म्हणाला, तर नुसती मान डोलवा.