कुरडईचं पान

सोऱ्याचा दांडा कर्रकन वाजला आणि गच्चीवरची सकाळची शांतता मोडली. पहिली कुरडई प्लास्टिकवर पडली. जिन्याच्या वरच्या पायरीवर मांडीत लॅपटॉप घेऊन बसलेल्या तेजस्विनीने मान वर केली. सासूबाई कामाला लागल्या म्हणजे आपल्याला अर्धा तास मिळाला. लेक शालू उठली नाही तर पाऊण.

मखमलाबादच्या त्या गल्लीत सासूबाईंच्या, म्हणजे सिंधुबाईंच्या, कुरडईला तोड नव्हती. शालूच्या वेळी तेजस्विनीने सातपूरची नोकरी सोडली होती, आणि तेव्हापासून जो भेटेल तो विचारायचा, "सध्या काय करतेस?" या प्रश्नाला तिने गेल्या उन्हाळ्यात उत्तर शोधलं. सासूबाईंचे हात मोबाईलवर टिपायचे आणि 'घरबसल्या कुरडई' म्हणून व्हिडिओचे धडे ऑनलाइन विकायचे. गहू भिजवण्यापासून चीक घोटण्यापर्यंत सगळे धडे तयार झाले. राहिलं ते फक्त विक्रीचं पान, जे वाचून माणसाचा हात खिशाकडे जावा.

पहिलं पान तिने मनापासून लिहिलं. 'पहिल्या वर्षी माझ्या चिकात गुठळ्या झाल्या, तर सासूबाई म्हणाल्या, असू दे, दूध-साखर घालून पोरांना देऊ.' विक्री झाली ती एकच, नणंदेला. तिनेही चार दिवसांत पैसे परत मागितले. "माझ्याच आईचं शिकायला मी पैसे कशाला देऊ?"

मग तेजस्विनीने विक्री शिकवणाऱ्या एका सरांचा ऑनलाइन वर्ग लावला. सरांनी पान वाचून सुस्कारा सोडला.

"मॅडम, सुखी माणसाकडून कोण काय विकत घेतं? आधी दुखणं दाखवा, मग मलम."

आता दुखणं आणायचं कुठून? सिंधुबाई टोमणे मारायच्या खऱ्या, पण ते टीव्हीतल्या बायांना. शेवटी एका हाताने शालूला थोपटत, दुसऱ्या हाताने तिने एक सासू घडवली. ती सासू डब्यांना कुलूप लावायची, गुठळ्यांचं पातेलं भावकीत दाखवत फिरायची, आणि वर विचारायची, 'आईनं हेच शिकवलं का?' लिहिता लिहिता तेजस्विनीला स्वतःचीच इतकी दया आली की डोळे भरून आले. पानाच्या शेवटी तिने आपला हसरा फोटो लावला. सरांच्या आग्रहाखातर 'फक्त सात जागा शिल्लक' हेही टाकलं, जणू व्हिडिओत कुणी मांडी घालून बसणार होतं.

पान धावलं. येवल्यापासून नागपूरपर्यंतच्या बायका लिहायला लागल्या, 'ताई, अगदी माझंच घर.' प्रत्येकीला उत्तर देताना तेजस्विनी मनातल्या मनात सासूबाईंची माफी मागायची. पान मात्र काढायची नाही. सासूबाई कुठे मोबाईल वाचतात?

आज शेजारच्या रंगूबाई हात लावायला आल्या होत्या. कुरडया काही एकटीने होत नाहीत; आज हिच्या गच्चीवर, उद्या तिच्या.

"सिंधू, तुझ्या कुरड्या म्हणं आता मोबाईलमधी मिळत्यात," रंगूबाई म्हणाल्या. "तळायच्या कशा, चार्जिंगला लावून?"

"कुरड्या नाय, इद्या मिळती. सुनेनं माझ्यावर अख्खं पान लिव्हलंय." सिंधुबाई पाठ ताठ करून वळल्या. "तेजू, वाच बरं. हिला ऐकू दे."

तेजस्विनीने चिकाच्या पातेल्याकडे बोट दाखवलं. "नंतर वाचते आई. चीक गार होईल."

"सोऱ्या माझ्या हातात हाय. तुझं तोंड तर मोकळंच हाय."

तेवढ्यात शालू डोळे चोळत वर आली आणि सवयीने आईच्या मांडीत घुसली. तिला नुकतंच वाचता यायला लागलं होतं, त्यामुळे दुकानाची पाटी असो की बिस्किटाचा पुडा, काही सुटत नव्हतं. "मी वाचते, मी," ती म्हणाली. तेजस्विनीचा हात लॅपटॉप मिटायला गेला.

"वाचू दे गं लेकराला," सिंधुबाई म्हणाल्या, आणि हात तिथेच राहिला.

"सा-सू-बा-ई डब्यां-ना कु-लूप..." शालू अक्षराला अक्षर जोडत निघाली. गुठळ्या आल्या, भावकी आली, आईनं काय शिकवलं तेही आलं.

सोऱ्या थांबला. रंगूबाईंनी पदर तोंडाला लावला. तेजस्विनी लेकीच्या विस्कटलेल्या वेणीकडे बघत राहिली.

"कुठली गं ही पोर?" सिंधुबाई हळूच म्हणाल्या. "लय भोगलंय तिनं." त्यांनी मनगटाने डोळा पुसला. "चिकात काय, कुणाच्याबी गुठळ्या होत्यात. तुझ्या नव्हत्या झाल्या? या वाळल्या की डबाभर पाठव तिला. पत्ता हाय ना?"

"आहे," तेजस्विनीच्या तोंडून निघून गेलं.

तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचीच लाज वाटली. पान आजच बदलायचं, तिने ठरवलं. तेवढ्यात मोबाईल किणकिणला. कुणीतरी आणखी एकीने धडे घेतले होते.

शालू पान खाली सरकवत शेवटापर्यंत पोचली होती. तिने फोटोवर बोट ठेवलं, मग आजीकडे पाहिलं, मग मान उलटी करून आईकडे.

"आई, ही तर तूच आहेस. मग तुझी ती दुसरी सासू कुठे राहते?"