रिनाच्या ॲपमधलं ओसाड गाव

गडचिरोलीच्या प्रदर्शनात आमच्या चामोर्शीच्या शाळेचं एकच मॉडेल जाणार होतं आणि ते माझंच, हे मी घरी, दारी, ट्यूशनमध्ये सांगून टाकलं होतं. माझं ॲपच तसं भारी! गावाचं नाव टाका, जवळचा आठवडी बाजार कुठं आणि कोणत्या वारी ते दिसतं. बाजारोबाजार बांगड्या विकणाऱ्या रंभामावशीला विचारून विचारून मी एकेक गाव हातानं भरलं. बोटं दुखली.

आणि माझ्याच वर्गातल्या रिनानं काय केलं? माझीच कल्पना उचलली, गावांचा-बाजारांचा सरकारी तयार डेटाबेस ॲपला जोडला, झालं! अख्खा तालुका, नकाशासकट.

"वा रिना!" कोवे सर म्हणाले. "तयार माहिती असताना पुन्हा कशाले टाइप करायची?"

माझ्याकडे बघून म्हणाले हो! माझ्या कानातून धूर निघाला असेल.

मी तिचा मोबाइल ओढला. चूक सापडेपर्यंत सोडणारच नव्हते. आणि सापडली! मोहटोला रिठ. रिठ म्हणजे उठून गेलेलं गाव. सरकारी कागदात नाव असतं, माणूस एक नसतो.

"सर, हे पाहा! मोहटोला रिठले जवळचा बाजार सांगून राह्यली! तिथून बाजाराले कोण जाईन, अस्वल?"

वर्गात हशा पिकला. रिनाही हसली, मेली. "बरं झालं सांगितलं वं, नंदिनी." तिनं लॅपटॉपवर काहीतरी टाइप केलं आणि सगळी रिठ गावं एका दमात गायब! म्हणजे तिचं ॲप मीच सुधारून दिलं.

"पण बाजार कोणत्या वारी?" सरांनी विचारलं.

रिनानं स्क्रीन खालीवर सरकवली. "डेटाबेसात वार नाईत, सर." मग हळूच माझ्याकडे सरकली. "तुह्याजवळ आहेत ना? दे ना वं. जोडून टाकू."

"काऊन देऊ?"

"दोघींचं एक मॉडेल करा," सर म्हणाले. "नाईतर एकीचंही नाई जाणार."

अख्ख्या गावाला सांगून बसले होते मी.

"देईन," मी म्हटलं. "पण गडचिरोलीले माईक मी धरीन."

"धर. माईकचं बटन मी दाबीन."

सर खो खो हसले. आता हे उत्तरसुद्धा तिलाच सुचायचं होतं!