रुपाबाईची झोप

"रुपे, ऊठ. चहा आनला."

सेवादासने बायकोचा खांदा हलवला. रुपाबाईने डोळे अर्धवट उघडले, कप हातात घेतला आणि तशीच पुन्हा झोपली. चहा मांडीवर सांडला. एवढा गरम चहा पडूनही ती दचकली नाही, तेव्हा सेवादासने कप बाजूला ठेवून तिचा चेहरा उजेडाकडे वळवला.

ऊसतोडीवर पाचटाच्या झोपडीत, कोपीत, आणि तांड्यावरच्या घरात चुलीपुढे बसून तिची फुप्फुसं धुराने गेली होती. आता घरी ऑक्सिजनची मशीन होती. रात्रभर तिला दम लागला होता. पहाटे सेवादासला बघवेना, म्हणून त्याने मशीनची कळ फिरवून ऑक्सिजन वाढवला. हळूहळू तिचा डोळा लागला. "झोपू दे तिले, लय दिवसानं झोपली," असं सून अंजूला बजावून तो बकऱ्या सोडायला गेला होता.

आता रुपाबाईचा चेहरा लालसर दिसत होता.

"रुपे, मी कोन?"

"भागवत," ती पुटपुटली. भागवत तिचा भाऊ. तो कधीचाच वारला होता.

शेजारच्या विनोदने गाडी काढली. मानोऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला तपासलं आणि लगेच वाशीमला न्यायला सांगितलं. अँब्युलन्समध्ये उज्ज्वला सिस्टर सोबत बसल्या.

"मशीन वाढवली होती का, बाबा?"

"हो. दम लागून राह्यला होता तिले."

"यांच्या फुप्फुसातून कार्बन डायऑक्साइड बाहेर निघून नाही राह्यला. रक्तात साचला. जास्त ऑक्सिजननं तो अजून वाढते. ही झोप नाही, गुंगी आहे."

"म्हंजे म्याच केलं?"

सिस्टरनी त्याच्याकडे पाहिलं. "तुमाले कोनी सांगितलं नव्हतं. आता त्यायले बोलतं ठेवा. उत्तर नाही आलं तर मले सांगा."

सेवादास बोलका नव्हता. आयुष्यभर रुपाबाई बोलायची आणि तो हुंकार द्यायचा. आता रस्त्यात दिसेल ते तो सांगू लागला. "रुपे, हरबरा सोंगून राह्यले पाह्य. रुपे, मंगरूळ आलं." ती "हं" म्हणायची. मग तेही थांबलं.

"सिस्टर! बोलत नाही हे!"

तिला जागं करायला उज्ज्वला सिस्टरनी तिच्या छातीच्या हाडावर बोटांची पेरं जोरात दाबली. रुपाबाई कण्हली. सेवादास तिच्या कानाशी वाकला. "मले शिव्या दे रुपे. पन बोल."

वाशीमला तिच्या तोंडावर मास्क आवळून बांधला. मशीन श्वास आत ढकलू लागली. सेवादास तिच्या छातीकडे बघत भिंतीला टेकून उभा राहिला. दिवस कलल्यावर तिने डोळे उघडले, त्याला ओळखलं आणि पुन्हा मिटले.

"रुपे!" तो ओरडला.

डॉक्टर धावत आले. त्यांनी तिला तपासलं, मशीनवरचे आकडे पाहिले. "घाबरू नका बाबा, ही साधी झोप आहे. झोपू द्या."

सेवादासने मान हलवली. डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळताच त्याने रुपाबाईच्या पायाचा अंगठा हळूच दाबला. तिने पाय ओढून घेतला. थोड्या वेळाने त्याने पुन्हा दाबला.