बापाच्या नावाची पट्टी

मी पत्र्याच्या डब्यातून बोलतेय, म्हणून आवाज जरा दबका वाटेल. मी एका जुन्या इंग्रजी सिनेमाची प्रिंट. मुक्काम नगरजवळचं भिंगार, टॉकीजच्या जिन्याखाली.

माझा बाप ओवेन हार्टविक, हॉलिवूडचा दिग्दर्शक. स्टुडिओत दिवे उचलता उचलता तो नावारूपाला आला, मानाची बक्षिसं त्यानं मिळवली. मी मुंबईला नवी आले तेव्हा पडद्यावर त्याचं नाव उमटलं की लोक टाळ्या वाजवायचे. माझा ऊर भरून यायचा.

पण उगवत्या सूर्याला नमस्कार! नवे सिनेमे आले आणि मी गावोगाव फिरत भिंगारला पोचले. इथं रविवारी सकाळी इंग्रजी खेळ असे. पब्लिकला हवी मारामारी. सुरुवातीची नावं सुरू झाली की शिट्ट्या. मालक राधाकृष्णशेठ वैतागून ऑपरेटर आसारामला म्हणाले, "नावं वाचायला कोण येतंय? टाक कापून."

मला कोण विचारतो? कात्री चालली. बापाच्या नावाची पट्टी आसारामनं घरी नेली आणि त्याच्या बायकोनं, छबूबाईनं, ती केरसुणीच्या मुठीला गुंडाळली. हाताला टोचू नये म्हणून.

तिकडे बापालाही कुणी काम देईना. बहात्तर साली, पार थकल्यावर, त्याला जन्मभराच्या कामाबद्दल मोठा सन्मान मिळाला. थोड्याच दिवसांत तो गेला. वरातीमागून घोडं, दुसरं काय!

तो गेल्याची पेपरातली बातमी वाचून शामकांत मास्तरांना रडू आलं. ते नगरच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. बापाचा हाती लागलेला एकही सिनेमा त्यांनी चुकवला नव्हता, आणि त्यापायी इतर शिक्षकांची टिंगलही सोसली होती. शेठच्या मागे लागून त्यांनी एका रविवारी माझा खेळ ठरवला. पत्नी सरोजिनीबाईंना आणि त्याच टिंगल करणाऱ्या शिक्षकांना घेऊन आले.

"नाव आलं की उभं राहून टाळ्या वाजवायच्या," त्यांनी सगळ्यांना बजावलं. "आपल्या हातात तेवढंच आहे."

अंधार झाला. मी मशीनमधून सरकू लागले. मास्तर टाळीसाठी हात उचलून बसलेले. आणि पडद्यावर एकदम धावते घोडेच आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मास्तर उठले. त्यांची सावली पडद्यावर पडली. "ओवेन हार्टविक!" ते मोठ्यानं म्हणाले आणि एकट्यानंच टाळ्या वाजवू लागले.

"ए म्हाताऱ्या, खाली बस की! दिसंना झालंय!" मागून कुणी ओरडलं. शिक्षकांच्या रांगेत हशा पिकला. सरोजिनीबाईंनी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं.

खेळ सुटल्यावर आसाराम मान खाली घालून म्हणाला, "मास्तर, म्याच कापली ती पट्टी. कुनी नाव बघाया बी येतं, हे मला काय ठावं?" पट्टी कुठं गेली, ते त्यालाही आठवेना. मास्तर चष्मा पुसत राहिले. टॉकीजकडे ते पुन्हा फिरकले नाहीत.

आता मला गंजल्या डब्यासकट भंगारवाला नेईल. नेऊ दे. तुम्ही कधी भिंगारला आलात तर मात्र आसारामच्या घरी जा. दारामागे केरसुणी उभी असेल. मुठीवरची पट्टी सोडवा, उन्हात धरा आणि माझ्या बापाचं नाव मोठ्यानं वाचा. तिथं तुम्हाला कुणी खाली बस म्हणणार नाही.